निनावी दान आणि नावानिशी हिशेब

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुसरी मिस्सा आटोपल्यावर, आमच्या चर्चच्या दाराशी असलेली दानपेटी उघडली जाते. टेबलावर चादर अंथरून पेटी उपडी केली की नाण्यांचा ढीग पडतो आणि त्यात चौपदरी घडीच्या नोटा मिसळलेल्या असतात. एखाद्या नोटेला हळदीकुंकवाचा डाग असतो, तेव्हा देणारी आपल्या धर्मग्रामातली नव्हे हे न सांगता कळते. एकदा कांद्याच्या पट्टीत गुंडाळलेली पाचशेची नोट निघाली. बाजार समितीतल्या आडत्याने दिलेली ती पट्टी. वजन होते, भाव होता, पण शेतकऱ्याचे नाव जिथे असते तेवढा कोपरा नेमका फाडून टाकलेला होता. देणाऱ्याने आपले नाव मुद्दाम मागे ठेवले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत या पेटीचा विषय निघाला. बँकेत नोकरीला असलेला एक तरुण सभासद म्हणाला, "फादर, आता कायदे बदलले. हे पैसे कोणी दिले असे आयकरवाल्यांनी विचारले तर काय सांगणार? पेटी बंद करू आणि पावतीपुस्तक ठेवू. नाव, गाव, पॅन नंबर लिहू." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. पण मागच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध मावशी हळूच म्हणाल्या, "माझं नाव कशाला लिहिता फादर? ज्याला द्यायचं त्याला ठावं हाय." बैठक स्तब्ध झाली. त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये ही प्रभूची शिकवण आम्ही वेदीवरून कितीदा तरी सांगितली आहे. आणि हिशेब चोख असावा हेही सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दानाच्या कायद्याच्या इतिहासात शिरलो, आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एका खटल्यापाशी येऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात दानाला संरक्षण देण्याची रीत फार जुनी आहे. शिलाहार आणि यादव राजांच्या काळातील दानाचे शिलालेख गावोगावी सापडतात. माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाची आकृती असलेले दगड 'गद्धेगाळ' म्हणून ओळखले जातात. दान कोणी दिले, कशासाठी दिले, हे दगडावर कोरायचे आणि ते मोडील त्याला जबर शिवी घालायची, असा तो प्रकार. शिवी सभ्य नाही; परंतु तिच्यामागील विचार गंभीर आहे. दान एकदा दिले की ते देणाऱ्याचे राहत नाही आणि घेणाऱ्याचेही होत नाही. ज्या हेतूने दिले त्या हेतूचे ते होते. त्या काळी या हेतूचा राखणदार होता शाप. पुढील शतकांचा इतिहास म्हणजे शापाची जागा कायद्याने कशी घेतली याचा इतिहास होय.

इंग्रजी राज्य आले आणि राखण कागदाकडे गेली. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इनामांच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. दान कोणाचे, याला पुरावा काय, हा प्रश्न सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर विचारण्याची ही वेळ. १८६० मध्ये संस्था नोंदणीचा कायदा झाला. शाळा, वाचनालये व धर्मादाय मंडळे यांना त्याखाली नोंदून घेता येऊ लागले. आपल्या जिल्ह्यात कॅथोलिक मिशनचे काम १८७८ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथे सुरू झाले ते याच काळात, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ. १९२० च्या धर्मादाय व धार्मिक विश्वस्त कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. ज्याचा एखाद्या सार्वजनिक न्यासाशी हितसंबंध आहे, अशा कोणाही माणसाला न्यायालयाकडे अर्ज करून विश्वस्तांकडून हिशेब मागण्याची वाट त्याने मोकळी केली. शापाचे काम आता भाविकाच्या अर्जाने होऊ लागले.

याच वळणावर शिर्डीचे नाव येते. साईबाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले. बाबा दक्षिणा घेत आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाकीत, असे सांगतात. म्हणजे जमाही नाही आणि शिल्लकही नाही. पण ते गेल्यावर भाविक येतच राहिले आणि दान साठू लागले. वाटणारा हात उरला नाही, तेव्हा व्यवस्थेची गरज निर्माण झाली. १९२२ साली अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने संस्थानच्या कारभाराची योजना मंजूर केली. पुढे २००४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने या संस्थानासाठी स्वतंत्र कायदाच केला. एका फकिराच्या झोळीपासून विधिमंडळाच्या कायद्यापर्यंतचा हा शंभर वर्षांहूनही कमी काळाचा प्रवास आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यातच घडला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अस्तित्वात आला. २०१२ मध्ये त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. धर्मादाय आयुक्त हे पद याच कायद्याने निर्माण केले. नोंदणी, दरवर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी, विश्वस्त बदलले तर त्याचा चेंज रिपोर्ट, या साऱ्या गोष्टींशी आमच्या मंडळातील ज्येष्ठ सभासद चांगलेच परिचित आहेत. या कायद्यात सार्वजनिक न्यासाची जी व्याख्या आहे तिच्यात मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी ही नावे शेजारी शेजारी बसली आहेत. आणि न्यास धार्मिक असेल, धर्मादाय असेल किंवा 'उभय' असेल, असेही म्हटले आहे. वाचकांनी हा 'उभय' शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे सारा वाद त्याच्यावरच झाला.

हा कायदा सुरुवातीला जसा होता तसा राहिला नाही. एका जैन देवस्थानाचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये दिला. धर्मसंस्थेच्या कारभाराचे नियमन सरकार करू शकते, हिशेब मागू शकते. परंतु धार्मिक कार्यासाठी दिलेला पैसा संस्थापकाच्या हेतूविरुद्ध दुसरीकडे वळवण्याची मुभा देणाऱ्या तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या. गद्धेगाळावरील जुना विचार भारतीय संविधानाच्या भाषेत पुन्हा उच्चारला गेला. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा कायदा शिकताना आम्ही हेच शिकलो होतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२६७ वे कलम सांगते की, श्रद्धावंतांनी ज्या हेतूने अर्पण दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे.

इथवर प्रश्न होता दानाच्या हेतूचा. देणाऱ्याच्या नावाचा प्रश्न आला तो आयकरामुळे. दानाला करातून सूट का, याचे उत्तर इंग्लंडमध्ये १८९१ साली एका ख्रिस्ती मिशनच्याच खटल्यात मिळाले. मोरेव्हियन मंडळीच्या मिशनकार्यासाठी ठेवलेल्या जमिनीच्या उत्पन्नाविषयीचा तो खटला पेम्सेल खटला म्हणून ओळखला जातो. गरिबी निवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि अन्य लोकोपयोगी कामे ही धर्मादायाची चार अंगे त्यात सांगितली गेली. भारतात मात्र धर्म आणि धर्मादाय यांचे संसार वेगळे मांडले गेले. १९२२ च्या आयकर कायद्याने दोन्हींना सूट दिली आणि १९६१ च्या कायद्यानेही दिली. पण 'धर्मादाय' या शब्दाच्या व्याख्येत गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा, लोकोपयोगी कामे आली, धर्म आला नाही. दोन्ही कामे करणाऱ्या संस्थेने कोणत्या घरात राहायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. आमच्यासारख्या धर्मग्रामात तर वेदी आणि वसतिगृह एकाच आवारात असते. प्रार्थना कुठे संपते आणि सेवा कुठे सुरू होते, हे सांगणे आम्हालाही कठीण.

२००६ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ११५ बीबीसी हे कलम आले. ज्या देणगीच्या दात्याचे नाव-पत्ता संस्थेने नोंदलेला नाही, तिच्यावर ३० टक्के कर लावण्याची ती तरतूद होती. काळा पैसा देणगीच्या वाटेने पांढरा होऊ नये हा त्यामागील उद्देश, आणि तो रास्तच आहे. प्रवेशासाठी पालकांकडून घेतलेली रक्कम निनावी देणगी म्हणून दाखवली गेली तर ते दान कसे म्हणावे? तथापि देवळाच्या पेटीत पडणारे नाणे आणि असला पैसा यांत फरक आहे, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. केवळ धार्मिक असलेल्या न्यासांना या करातून वगळले. धार्मिक व धर्मादाय अशा उभय हेतूंच्या न्यासांनाही वगळले. मात्र त्यांच्या शाळेसाठी वा रुग्णालयासाठी म्हणून निर्देश करून दिलेली निनावी देणगी करपात्रच ठेवली. पुढे २००९ मध्ये ज्यांना हा कर लागू होता अशा संस्थांनाही, एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढी, सवलत मिळाली.

या कलमाची कसोटी शिर्डीच्या पेटीवर लागली. पेटीला तिथे हुंडीही म्हणतात. व्यापाऱ्यांच्या हुंडीवर देणाराचे आणि घेणाराचे अशी दोन्ही नावे असत. देवाच्या हुंडीवर एकही नाव नसते, ही आपल्या भाषेतली एक गंमतच म्हणायची. २०१५-१६ या कर-निर्धारण वर्षात संस्थानला २२८ कोटींहून अधिक रुपयांच्या देणग्या मिळाल्या. त्यांपैकी सुमारे १५९ कोटी पेटीतल्या, म्हणजे निनावी होत्या. आयकर विभागाने त्यांवर कर लावला. विभागाचे म्हणणे थोडक्यात असे, की हे संस्थान रुग्णालये चालवते, शाळा-महाविद्यालये चालवते, अन्नदान करते. निव्वळ धार्मिक कार्यावरचा त्याचा खर्च एकूण देणग्यांच्या मानाने फारच थोडा आहे. सबब हा न्यास धर्मादाय आहे, धार्मिक नव्हे. आणि म्हणून त्याला सूट नाही.

वाचकहो, या युक्तिवादातील विरोधाभास पाहा. देवस्थानाने आलेला पैसा पूजेच्या थाटामाटावर उधळला असता, तर त्याला सूट मिळाली असती. तो आजाऱ्यांवर आणि भुकेल्यांवर खर्च केला, म्हणून ते देवस्थानच नव्हे! २०२३ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने संस्थानच्या बाजूने कौल दिला. विभाग मुंबई उच्च न्यायालयात गेला. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाने विभागाची अपिले फेटाळली. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही आहे, म्हणून त्याच्या पेटीतील निनावी दान करातून मुक्त आहे, असा तो निर्णय. आमच्या मते त्याचा अर्थ साऱ्याच धर्मस्थळांसाठी मोलाचा आहे. सेवा केल्याने श्रद्धा कमी होत नाही. ही गोष्ट आपल्याला प्रेषित याकोबाच्या पत्रातून ठाऊक होती. ती न्यायालयाच्या निकालातून कळावी, याचे समाधान वेगळेच.

तथापि एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. अवघ्या एका महिन्याने, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अगदी जिव्हाळ्याच्या विषयात दुसरा निकाल दिला. अनुदानित शाळा-महाविद्यालयांतून शिकवणाऱ्या सिस्टर्स आणि धर्मगुरूंच्या पगारातून आयकर कापावा की नाही, असा तो प्रश्न होता. १९४४ च्या एका परिपत्रकाने, आपली मिळकत संघाला देऊन टाकणाऱ्या मिशनऱ्यांना सवलत दिली होती, आणि त्या आधारावर अनेक वर्षे कपात होत नव्हती. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विभागाच्या बाजूने निकाल दिला, आणि तमिळनाडू व केरळमधील संस्थांची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. धर्मव्रत घेतल्यावर व्यक्ती स्वतःची उरत नाही, पगार संघाचा असतो, अशी आपल्या बाजूची मांडणी होती. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. पगार ज्याच्या नावे निघतो त्याच्या नावे करकपात होईल. त्याने पुढे तो कोणाला दिला हा त्याचा प्रश्न, असा निकालाचा आशय. अनेकांना तो बोचला. आम्हालाही प्रथम बोचला. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या सिस्टरकडे कसला आला पगार?

परंतु दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा आम्हाला त्यांत विसंगती दिसली नाही. पहिल्या निकालात देणाऱ्याला निनावी राहता आले. दुसऱ्या निकालात घेणाऱ्याला आपले नाव टाळता आले नाही. दाता अंधारात राहू शकतो. स्वीकारणाऱ्याने मात्र उजेडातच उभे राहिले पाहिजे. बैठकीतील त्या तरुणाच्या आणि त्या मावशींच्या म्हणण्याचा मेळ इथे बसतो. दोघेही बरोबर होते. फक्त तरुणाचा नियम पेटीत टाकणाऱ्यासाठी नसून पेटी उघडणाऱ्यासाठी होता.

ही सूट किती नाजूक आहे हेही पुढच्याच वर्षी दिसून आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत नवे आयकर विधेयक आले. त्याच्या मसुद्यात निनावी देणगीची सूट केवळ धार्मिक संस्थांपुरती ठेवली होती. 'उभय' संस्थांचा उल्लेख गळला होता. शिर्डीचा निकाल ज्या शब्दावर उभा होता तो शब्दच निसटला. जुलैमध्ये संसदेच्या प्रवर समितीने ही उणीव दाखवून दिली, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित विधेयकात उभय संस्थांची सूट परत आली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून त्याचा कायदा झाला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. एका शब्दावर किती देवळांच्या पेट्या अवलंबून असतात! आपल्या न्यासाच्या घटनेत आपले हेतू कोणत्या शब्दांत लिहिले आहेत, हे आपल्यापैकी किती विश्वस्तांनी वाचले आहे?

आता आमचीच एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, आम्ही तीन महिने पेटी एकट्यानेच उघडली. त्या पैशातून एका मुलाचे इस्पितळाचे बिल भरले आणि वर्गखोलीवर पत्रे टाकले. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही. पण वहीत एक ओळही लिहिली नाही. आमचा समज असा, की देवाला ठाऊक आहे. गावात कुजबुज सुरू झाली. एक कुटुंब मिस्सेला येईनासे झाले. त्यांना दाखवायला आमच्यापाशी कागद नव्हता. त्या मावशी जे वाक्य बोलल्या तेच आम्हीही मनाशी बोललो होतो. मात्र त्यांच्या तोंडी ते श्रद्धेचे होते आणि आमच्या तोंडी ते आळसाचे. देणाऱ्याला जे शोभते ते सांभाळणाऱ्याला शोभत नाही. धर्मसंहितेचे १२८४ वे कलम जमाखर्चाच्या नीटनेटक्या वह्या ठेवण्याची आज्ञा देते, आणि १२८७ वे कलम श्रद्धावंतांच्या अर्पणाचा हिशेब श्रद्धावंतांना देण्यास सांगते. ही कलमे आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. ती समजली त्या रिकाम्या बाकाकडे पाहून.

म्हणून आमच्या धर्मग्रामात आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. पेटीला दोन कुलुपे आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या हातांत. उघडताना धर्मगुरूशिवाय मंडळाचे दोन सभासद हजर. मोजणी तिथेच, सह्या तिथेच, आकडा त्याच आठवड्यात फलकावर आणि रक्कम बँकेत. ज्यांना करसवलत हवी त्यांना नाव-पत्त्यासह रीतसर पावती. आणि पेटीवर केवळ 'अर्पण' एवढाच शब्द. पूर्वी एका पेटीवर 'शाळेसाठी' असे लिहिले होते. तो फलक आम्ही काढला, कारण शाळेसाठी म्हणून आलेले निनावी दान कायद्याच्या सवलतीत बसत नाही. शाळेला द्यायचे असेल त्याने पावती घ्यावी, असे सांगितले.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी वाचकांनी पाहिली आहे. मेणबत्ती लावून मुठीतले काहीतरी पेटीत टाकून पुढे सरकणाऱ्या त्या बायाबापड्यांत नाव सांगणारे किती असतात? शिर्डीच्या रांगेतही तेच. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, कायद्याचे नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले. ती मिटलेली मूठ बदललेली नाही. तिचे रक्षण करण्यासाठी कधी दगडावर शाप कोरावा लागला, कधी न्यायालयात उभे राहावे लागले. यापुढे ते काम मुख्यतः वहीतल्या दोन सह्यांनी होणार आहे.

त्या मावशी अजून येतात. दर महिन्याला फलकासमोर थांबतात. त्यांना वाचता येत नाही. नातीकडून आकडा वाचून घेतात, मान हलवतात आणि घरी जातात. त्या आकड्यात आपले किती, हे त्यांना ठाऊक असते. आम्हाला ते ठाऊक नाही, आणि ते तसेच असावे.